रकाना क्रमांक चार

पहिला रकाना तारखेचा: अकरा मार्च.
दुसरा, कक्ष क्रमांक.
तिसरा, जळीत क्षेत्र, हेक्टरमध्ये.
ते मी पायांनी मोजलं, राखेच्या कडेकडेनं,
हातात जीपीएस, आणि डाव्या बुटाचा तळ
वितळून बोटांना चिकटलेला.
अडतीस पूर्णांक चार.

चौथ्यात अडकले.
आगीचे कारण.

बालाघाटाचा हा उतार हिवरदऱ्याकडे येतो.
माथ्यावर पवन्या, कुसळी, कमरेइतकं वाळलेलं गवत,
खाली सीताफळी, दगडाच्या फटीत बोटं खुपसून उभ्या.
मार्चात पान नसतं एकीवर.
नवखा माणूस म्हणतो, मेल्यात.
मेलेल्या नसतात.

दुपारी तीनला मुंजाबा डोईफोडेनं
बांधावरचं पाचट पेटवलं.
स्वतःच सांगितलं त्यानं, टोपी हातात घेऊन:
"म्या लावली, बाई. पण बांधापुरती.
वारं माझं नव्हतं."

वारं विंचरणेच्या कोरड्या पात्रातून आलं होतं.

ब्लोअर एक. पेट्रोल अर्धा लिटर.
मी, आणि हंगामी मजूर दोन,
त्यातला शेषेराव तापानं फणफणलेला.
रेंज ऑफिसला फोन केला: गाडी निघाली.
तासाभरानं केला: गाडी निघाली.

आग चढावर पळते, हे ट्रेनिंगमध्ये सांगतात.
आवाज कसा करते ते सांगत नाहीत:
शंभर जणी एकदम
कोरं लुगडं फाडताहेत, तसा.

गावातून बायका आल्या, ओली बारदानं घेऊन.
टँकर तिथं तीन दिवसांनी येतो.
बारदानं भिजवली
ते पाणी प्यायचं होतं.

रात्री अकराला म्हातारा येशा म्हणाला,
"हिला आता हिच्याच बहिणीनं अडवायचं."
गाडीवाटेवरून उलटी आग लावली त्यानं.
काडी मी दिली.
वरिष्ठांना विचारायला रेंज नव्हती, फोनला.
दोघी एकमेकींना भिडल्या, उंच झाल्या,
आणि खायला काही उरलं नाही म्हणून
बसल्या.

सकाळी टिटवीची चार अंडी सापडली,
टोकं आत वळवून मांडलेली, तशीच,
भाजलेली.
ती वरून ओरडत होती, मला, की कुणाला.

आता चौथा रकाना.
मुंजाबाचं नाव लिहिलं तर गुन्हा दाखल.
अज्ञात लिहिलं तर चहा सांगता येईल.
पण याच कपाटात जानेवारीची फाइल आहे:
जाळरेषा, लांबी अडीच किलोमीटर,
रुंदी सहा मीटर, काम पूर्ण.
खाली माझी सही, वळणदार.

माणसं सात दिवस आली गवत कापायला.
मजुरी आली नाही.
आठव्या दिवशी ती कारखान्याच्या टोळीत गेली.
निधी मार्चअखेर येणार होता,
प्रमाणपत्र आधी हवं होतं.
ओढ्यापाशी रेषा दोन मीटर राहिली.
तिनं उडी तिथूनच मारली.
मी बघत होते.

कौसाबाई आली ती सरळ टेबलापाशी.
"एकशे सत्तावीस," म्हणाली.
रान खात्याचं, झाडं कुणाचीच नाहीत,
पण दर अश्विनात पाटी भरते ती तिची,
तीस वर्षं, आणि कुठली फांदी आधी डोळे उघडते
हे तिलाच ठाऊक.
"मुळं जित्ती असतील. फळाला मातूर
तीन साल. लिव्हलं का माझं?"

नुकसानीच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
गवत, पालापाचोळा. मूल्य निरंक.

ती दारातच उकिडवी बसली.
वाचता येत नाही तिला,
तरी पेनाकडे बघत.

चौथा रकाना अर्ध्या ओळीचा आहे.
मुंजाबाची काडी, विंचरणेचं वारं,
माझे चार मीटर.
कार्बन नीट सरकवला खाली
आणि जोर देऊन लिहू लागले,
तिन्ही प्रतींवर उमटेल असं.